पाणी कुठवर, बहिणी किती

माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यात त्यानं मला व्हॉट्सॲपवर एका प्लॉटचा नकाशा पाठवला. रंगीत, कडेनं हिरवी झाडं काढलेला. खाली लिहिलं होतं, ‘एनए प्लॉट, हायवे टच, ताबडतोब खरेदीखत.’ पाठोपाठ फोन. “मावशी, पंधरा लाख साठलेत. बँकेत ठेवून काय होतंय? तू सांगलीतच आहेस, जरा जाऊन बघून ये ना. अक्षय्य तृतीयेला इसार द्यायचा म्हणतोय.”

मी म्हटलं, इसार देऊ नकोस. ऑगस्टमध्ये ये.

त्याला वाटलं, मावशी टाळतेय. पण ऑगस्टच का, हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. त्या महिन्यात आमची सकाळ कृष्णेवरच्या आयर्विन पुलापासून सुरू होते. कोयना धरणातून पाणी किती सोडलं, पुलापाशी किती फूट झालं, हे चहाच्या आधी विचारलं जातं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. आणि तरीही जागा बघायला मात्र आपण सगळे उन्हाळ्यातच जातो. मार्च-एप्रिलमध्ये सांगलीची कुठलीही जमीन सारखीच दिसते, सपाट, कोरडी आणि मोकळी.

आम्हीही तशीच बघितली होती. १९९८ साली, शामरावनगरच्या बाजूला, दोन गुंठे. माझ्या पाटल्या मोडल्या, ह्यांनी फंडातून कर्ज काढलं. जागा दाखवायला नेलं तेव्हा काळ्या मातीला वीतभर भेगा पडलेल्या होत्या. मी त्या भेगा ओलांडून चालले आणि कौतुकानं चार कोपरे बघितले. ज्या मातीला उन्हात एवढ्या भेगा पडतात ती पावसात फुगते, तिच्यात पाया खोल न्यावा लागतो, तिच्यावर पाणी दिवस दिवस उभं राहतं. हे सगळं त्या भेगांमध्ये दिसत होतं. आम्हाला बघता आलं नाही.

कागदाचीही तीच गत. स्टॅम्प पेपरवर करार, त्यावर नोटरीचा शिक्का. शिक्का लाल होता, गोल होता, आम्हाला पुरेसा वाटला. १०० रुपयांच्या वरची कुठलीही स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखताशिवाय आपली होत नाही, हा कायदा १८८२ सालचा. आमच्या लग्नाच्या शंभर वर्षं आधीचा. सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, आमचं नाव तेव्हा लागलंच नाही. ज्या वीस फुटी रस्त्यावरून आम्ही घरी जाणार होतो तो फक्त नकाशात होता. जमिनीवर होती ती बैलगाडीची वाट, आणि तीही शेजारच्या गटातली. २००१ साली गुंठेवारी, म्हणजे असे परवानगीशिवाय गुंठ्यांनी विकलेले तुकडे, नियमित करण्याचा कायदा आला तेव्हा आशा वाटली. फाईल करायला मूळ मालकाकडं गेलो, तर ते वारलेले. मुलांनी खरेदीखत करून द्यायला पुन्हा पैसे मागितले. आम्ही दिले. विकास शुल्क भरलं, दोन खोल्या बांधल्या, आणि २००५ च्या पुरात पाणी खिडकीच्या गजांपर्यंत आलं.

त्या घराबद्दल मला अजून फार लिहवत नाही. २०१० ला ते विकलं. घ्यायला आलेल्या जोडप्याला मी स्वतः खिडकीपाशी नेऊन पाण्याची खूण दाखवली. भाव पडून मिळाला. पण ती खूण रंगाखाली झाकून विकणं मला जमलं नसतं.

तर भाचा ऑगस्टमध्ये आला. रविवार होता, पाऊस पडत होता, पुलापाशी तीसच्या आसपास फूट होतं. आम्ही आधी त्याची ‘हायवे टच’ जागा बघायला अंकलीच्या बाजूला निघालो. रत्नागिरी–नागपूर महामार्ग तिथूनच कृष्णा ओलांडतो, त्यामुळं जाहिरातीत खोटं काही नव्हतं. वाट जरा वाकडी करून मी त्याला हरिपुरातून नेलं. हरिपूर हळदीच्या पेवांचं गाव. जमिनीत विहिरीसारखे खड्डे, आत पोत्यांवारी हळद, वर्षानुवर्षं कोरडी राहणारी. कुठली माती पेव धरते हे पिढ्यान्‌पिढ्या बघून ठेवलेलं होतं. २००५ च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं गेली. मी त्याला एवढंच म्हटलं, ज्यांना इथल्या मातीचं सगळं माहीत होतं त्यांचीही हळद भिजली, मग रंगीत नकाशा बघून घेणाऱ्याचं काय होईल?

प्लॉटवर एक तरुण एजंट छत्री धरून उभा होता. पोरगा बोलायला चांगला होता. प्लॉटच्या मागच्या अर्ध्या भागात पावसाचं पाणी साचलं होतं, त्यात बेडूक ओरडत होते. “ते काय नाही मॅडम, भराव टाकला की झालं.” भराव म्हणजे मुरमाचे डंपर, त्यांचे पैसे, आणि आपण उंच झालो की आपलं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात. मी भाच्याला म्हटलं, एजंटला काही विचारू नकोस. पलीकडे घर दिसतंय, तिथं जाऊ.

तिथं एक म्हातारी पडवीत शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, “मावशी, पाणी कुठवर आलं होतं?” ती उठली, पदराला हात पुसले आणि आम्हाला घराच्या बाजूच्या भिंतीकडं घेऊन गेली. भिंतीवर गेरूनं ओढलेल्या तीन रेघा होत्या. तिच्या मुलानं प्रत्येक पूर ओसरल्यावर ओढलेल्या. सगळ्यात खालची माझ्या छातीला लागत होती. “ही पाचची.” मधली भाच्याच्या कपाळाला. “ही परवाची, करोनाच्या टायमाची.” तिसरी बघायला आम्हाला मान वर करावी लागली. भाच्यानं हात उंच करून बोट टेकवलं, तेव्हा कुठं ते रेघेला लागलं. तो साडेपाच फुटांचा आहे. “म्हशी सोडून दिल्या हुत्या,” ती म्हणाली. “दोन आल्या परत. एक न्हाई आली.” परत जाऊन ती शेंगा फोडायला बसली.

गाडीत बसल्यावर भाचा बराच वेळ बोलला नाही.

पूररेषेचे कागद असतात, ते त्याला नंतर घरी समजावून सांगितले. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी. जागा घेताना ती कुठल्या रेषेत येते हे जलसंपदा खात्याच्या नकाशावर बघावं, नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. रस्त्याचं, शाळेचं, बागेचं आरक्षण आहे का तेही त्यातच कळतं. पण २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर ज्या गावानं सोळा वर्षांत बघितले, तिथं मला त्या नकाशाआधी म्हातारीची भिंत बघावीशी वाटते. दोन्ही बघावं. भिंत आधी.

महामार्गाचंही तसंच. रस्ता येणार म्हणून जमिनी घेणारे मी चाळीस वर्षं बघत आले आहे. आता शक्तिपीठ महामार्गाचं नाव घेतात. तो होईल की नाही, झाला तर कुठून जाईल, यावर शेतकरी रस्त्यावर उतरलेत. कुणाच्या तरी उभ्या उसातून जाणाऱ्या रेषेवर आपली पहिली पुंजी लावू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि रस्ता झाला तरी अगदी कडेच्या जागेला रस्त्याच्या मध्यापासून अंतर सोडूनच बांधता येतं. ‘टच’ म्हणून जे विकतात त्यातला पुढचा पट्टा बऱ्याचदा नुसता बघण्यापुरताच आपला असतो.

दुपारी दुसरी जागा बघायला कुपवाडला गेलो. ही मी हेरून ठेवली होती. चढावरची, मुरमाड. वडिलांनी घेऊन ठेवलेला दोन गुंठ्यांचा प्लॉट, मंजूर रेखांकनातला, बिगरशेती आदेश झालेला. वडील वारले, आता दोघे भाऊ विकतायत. भाव अंकलीच्या जागेपेक्षा जास्त होता. पाऊस पडत असूनही पाणी कुठं थांबत नव्हतं, चपलेला चिखलसुद्धा लागला नाही.

इथं मला माझ्या वडिलांची फार आठवण आली. ते मोजणीदार होते. सुट्टीत मला तासगाव तालुक्यातल्या गावांना बरोबर नेत. त्यांच्याकडं ३३ फुटी साखळी होती. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीचे सोळा आणे होते, मी आणे मोजत धावायची. हद्दीचा दगड दिसला की ते आधी त्याच्या बुडाशी बसत. हरळीची मुळं दगडाला धरून आहेत की बाजूची माती भुसभुशीत आहे, हे बोटानं बघत. दगड सरकवलेला असेल तर त्यांना नकाशा उघडायच्या आधी कळायचं. मी भाच्याला कुपवाडच्या प्लॉटच्या एका कोपऱ्यातल्या दगडापाशी तसंच बसवलं. पँट भिजली त्याची. बोटानं माती उकरून बघत होता तेव्हा, खरं सांगते, मला भरून आलं.

तरीही बोटावर थांबू नये. खरेदीखताआधी मालकाला भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायला लावावा. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, कुणाचं काही म्हणणं असेल तर ते तेव्हाच बाहेर पडतं, आणि हातात ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, येते. मोजणीचे पैसे प्रसंगी आपण द्यावेत. जागेच्या किमतीपुढं ते काहीच नसतात. मालक मोजणीला नाही म्हणाला, तर आपणही जागेला नाही म्हणावं.

मग सातबारा. भाचा मोबाइलवर बघून म्हणाला, “दोघा भावांची नावं आहेत, क्लीअर आहे.” हा शब्द पोरांच्या तोंडी फार येतो. मी त्याला घरून आणलेला चष्मा लावून सगळा उतारा मोठ्यानं वाचून दाखवला. भोगवटादार वर्ग १ आहे ना? वर्ग २ असेल तर विकायला सरकारची परवानगी आणि सरकारला भरायचा नजराणा आला. ‘इतर हक्क’ हा रकाना तर मी दोनदा वाचायला लावते. तिथंच सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं, कुणाची वहिवाट असते, कोर्टातल्या दाव्याची नोंद असते. इथं तो रकाना कोरा होता. पण सातबाऱ्यावर डाव्या-उजव्या बाजूला जे फेरफार क्रमांक, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक, असतात, ते काढून वाचल्याशिवाय सातबारा वाचला असं मी म्हणत नाही. सातबारा आजचं सांगतो, फेरफार कालचं. आम्ही वारसाचा फेरफार काढला होता. वडील वारले, वारस दोन मुलगे. बस्स, एवढंच.

थोरल्या भावाच्या घरी चहा झाला. माणसं साधी, प्रेमळ. मी विचारलं, “दादा, बहिणी किती तुम्हाला?”

“बहिणींचा काय संबंध, ताई? त्यांनी कवाच सोडलंय.”

“कागद आहे का सोडल्याचा?”

“आवो कागद कशाला, बहिणीच त्या.”

कोणी काही बोललं नाही. मग स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “तिघी हायत.”

मी त्यांना दोष दिला नाही, देणारही नाही. पण त्या माउलीनं ते दोन शब्द उच्चारले तेव्हा मला १९९४ साल आठवलं. माझे वडील गेले त्या वर्षी दिवाळीनंतर मला माहेरी बोलावलं. सकाळी जेवण झालं, पुरण होतं. दुपारी आम्ही सगळे तालुक्याला गेलो, एका टेबलावर कागद होता, त्यावर मी सही केली. हक्कसोडपत्र. परत आल्यावर वहिनीनं साडी दिली, मोरपिशी. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, त्यांची स्वतःची सव्वा एकर होती. मी राजीखुशीनं सही केली असं त्या कागदावर लिहिलेलं आहे आणि ते खोटं नाही. मला मागितलं असतं तरी मी दिलं असतं. पण मला मागितलं नाही, बोलावलं फक्त. साडी अजून कपाटात आहे. एकदाही नेसलेली नाही.

म्हणून हे मी जीव तोडून सांगते. वडिलांनी स्वतः घेतलेली मिळकत असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर मुलगी मुलाइतकीच वारस आहे, आणि हे १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनं तिला जन्मापासून मुलासारखाच हिस्सा आहे, आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही म्हणून तिचा हक्क जात नाही. ती उद्या वाटणीचा दावा लावू शकते, तिची मुलं लावू शकतात. आणि दावा लागला की तुमचा प्लॉट, तुमचं कर्ज, तुमचं घर, सगळं तारखांवर चालतं. ‘सोडलंय’ म्हणतात तो हक्क नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं सुटतो, किंवा बहिणी स्वतः खरेदीखतावर सह्या करतात. तोंडानं सोडलेलं कोर्टात धरत नाहीत. पण मला फक्त दाव्याची भीती घालायची नाही. ज्या जमिनीत एका बाईला कुणी विचारलेलं नाही, ती स्वस्त मिळाली तरी घेऊन आपल्याला झोप कशी लागावी?

चांगल्या वकिलाकडून जागेच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट घ्यायचा, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यायची, हे सगळं करायचंच. पण सर्च कागदाचा होतो. ‘बहिणी किती’ हे चहा पिताना विचारावं लागतं.

रात्री घरी भाकरी खाता खाता त्यानं दुसरा विषय काढला. जागेपेक्षा फ्लॅट घेऊन भाड्यानं दिला तर? मी वहीच काढली. समजा ४० लाखांचा फ्लॅट, ३० लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता २६ हजारांच्या घरात. तसल्या फ्लॅटला आपल्याकडं भाडं दहा हजार धर. घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा महिना वजा केला तर हातात आठ-साडेआठ. म्हणजे दरमहा १७–१८ हजार तुझ्याच पगारातून. वर्षाचं भाडं किमतीला भागलं तर तीन टक्केसुद्धा धड पडत नाहीत. भाव वाढेल या भरवशावर हे चालतं. वाढेलही. पण नोकरी सहा महिने गेली तर हप्ता कुठून भरणार, हे आधी लिहून काढ. त्यानं लिहिलं. रक्कम बघून पंधरा लाखांतले चार लाख त्यानं तिथंच बाजूला काढले, त्याला हात लावायचा नाही म्हणून. हा निर्णय मला फार आवडला. मी सुचवलेला नव्हता.

उरलेल्या अकरा लाखांतून खरेदीचा खर्चही जायचा होता. जागेची किंमत आणि आपण देतो ते पैसे यात नवखे हमखास चुकतात. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी (एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये), वकील, मोजणी, एजंटचे दोन टक्के, कुंपण. शुल्क तुम्ही ठरवलेला भाव आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रकातला भाव, यातल्या जास्त रकमेवर लागतं. व्यवहार चेकनं किंवा बँकेतूनच करायचा. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानं बंद आहे, आणि रोखीनं दिलेल्याला उद्या साक्षीदार नसतो. फ्लॅट किंवा मोठ्या रेखांकनातला प्लॉट असेल तर महारेराच्या, म्हणजे असे प्रकल्प नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प बघावा. नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांच्या वर पैसे मागायचा बिल्डरला हक्क नाही, हे तोंडावर सांगायला लाजू नये. आणि खरेदीखत झाल्यावर घरी जाऊन झोपू नये. फेरफाराची नोंद धरली का, हरकतीचे पंधरा दिवस संपले का, मंडल अधिकाऱ्यांनी मंजूर केली का, आणि सातबाऱ्यावर आपलं नाव अचूक अक्षरात आलं का, हे हातात उतारा येईपर्यंत बघत राहावं. आमचं शामरावनगरचं नाव बारा वर्षांत एकदाचं लागलं तेव्हा ह्यांच्या आडनावातली वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त करायला आणखी आठ महिने गेले.

तो पुण्याला परत गेला. पावसाळा संपला. मध्ये दोनदा त्यानं दुसऱ्या जागांचे नकाशे पाठवले, पण आता सोबत फोटो होते. कुठं विहिरीच्या काठावर आलेल्या पाण्याची खूण, कुठं हद्दीच्या दगडाचं बूड.

परवा रात्री फोन आला. कुपवाडच्या भावांनी धाकट्या दोघी बहिणींना बोलावून घेतलं, सगळं सांगितलं. दोघी खरेदीखतावर सह्या करायला तयार आहेत, पैशाचे पाच वाटे करायचे ठरलंय. थोरली बहीण इचलकरंजीला असते, तिच्याशी बोलणं व्हायचं आहे.

“भाऊ म्हणतायत, आक्का सही देईलच, तिला विचारायला काय जायचं,” भाचा म्हणाला. “पण मी म्हटलं, मी येतो तुमच्याबरोबर. रविवारी जाऊ. मावशी, तू येशील?”

मी येते म्हटलं. आणि म्हटलं, भावांना सांग, जाताना साडी घेऊ नका. तिचा पाचवा वाटा किती होतो, तेवढं कागदावर लिहून न्या.